प्रसरण टाकी, शीतकाची

प्रसरण टाकी, शीतकाची : द्रवाने थंड केल्या जाणाऱ्या मोटारगाडीच्या एंजिनातील शीतक (उष्णता वाहून नेणारा द्रव) तापून प्रसरण पावला म्हणजे त्याच्या वाढीव घनफळाला जागा देणारे, शीतकात अडकलेली हवा वेगळी करणारे आणि पंपाला अखंड द्रव पुरविणारे पात्र. कारखान्यात तयार होणाऱ्या मोटारीत या टाकीचे आकारमान, स्थान व जोडण्या निर्मात्याने प्रयोगांती ठरविलेल्या असतात. त्यामुळे मोटार वापरणाऱ्याला तिचा विचार सहसा करावा लागत नाही. संच-मोटारीत (सुट्या भागांच्या संचातून हौशी व्यक्तीने स्वतः जुळविलेल्या मोटारीत) मात्र एंजिन एका मोटारीचे, रेडिएटर दुसरीचा आणि सांगाडा तिसऱ्याच आराखड्याचा, अशी स्थिती असते. अशा वेळी टाकीची निवड जुळविणाऱ्यालाच करावी लागते. ती चुकल्यास अनेक महिन्यांच्या श्रमांनी उभे राहिलेले एंजिन पहिल्या लांबच्या प्रवासातच निकामी होण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी : आरंभीच्या मोटारींत प्रसरण टाकी नव्हती. रेडिएटरच्या वरच्या कप्प्यात थोडी रिकामी जागा ठेवीत आणि तापून वाढलेले पाणी एका बारीक नळीवाटे रस्त्यावर सांडू देत. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या मोटारीत (१९०८–२७) बहुतेक काळ पंपही नव्हता. तापलेले हलके पाणी वर चढते व थंड झालेले जड पाणी खाली उतरते, या नैसर्गिक अभिसरणावरच तिचे शीतन चाले. तेथे रेडिएटर एंजिनापेक्षा उंच असल्याने हवा आपोआप सर्वांत वरच्या टोकाला जमा होई. पुढे एंजिनाची शक्ती वाढली, पंप व दाबाचे टोपण आले आणि मोटारीचे नाक वाऱ्याचा रोध कमी व्हावा म्हणून खाली झुकले. त्याबरोबर रेडिएटरही खाली गेला आणि तो प्रणालीतील सर्वांत उंच भाग राहिला नाही. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या ‘रेनो ४’ या फ्रेंच मोटारीत पूर्णतः बंद शीतन प्रणाली व स्वतंत्र प्रसरण पात्र यांची योजना होती. त्यानंतरच्या काळात अशी रचना सर्वसाधारण होत गेली.

संच-मोटारीचा छंद प्रामुख्याने ब्रिटनमध्ये वाढला. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये काढलेली ‘सेव्हन’ ही दोन आसनी उघडी मोटार सुट्या भागांच्या रूपात विकत मिळे. ग्राहकाने ती स्वतः जुळविल्यास तयार मोटारीवरील खरेदीकर वाचत असे. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर लागू झाल्यावर हा लाभ संपला. त्याच वर्षी या मोटारीच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. रॉन चॅम्पियन यांचे अल्प खर्चात अशा धर्तीची मोटार घरी बांधण्याविषयीचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जुन्या फोर्ड मोटारींचे भाग वापरून स्वतःचा सांगाडा जोडणाऱ्यांची संख्या वाढली. पुढे ‘माझ्दा एमएक्स-५’ (निर्मिती १९८९ पासून) हीदेखील भाग पुरविणारी लोकप्रिय मूळ मोटार ठरली. या सर्व मोटारींत बॉनेट बुटके असते. टाकीच्या प्रश्नाचे मूळ बव्हंशी या बुटकेपणात आहे.

कार्य : इंधनाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग शीतकात जातो. एंजिन नेहमीच्या तापमानाला आले म्हणजे शीतक सु. ९०° से. असतो. पाणी २०° से. पासून ९०° से. पर्यंत तापविल्यास त्याचे घनफळ सु. ३.५ टक्क्यांनी वाढते. एथिलीन ग्लायकॉल व पाणी यांच्या समभाग मिश्रणाचे प्रसरण याहून अधिक, म्हणजे चार ते पाच टक्क्यांच्या घरात असते. द्रव जवळजवळ असंपीड्य (दाबला न जाणारा) असल्याने ही वाढ सामावण्यास हवेची जागा लागतेच. ती नसेल तर द्रव टोपणातून, सांध्यांतून किंवा फुटलेल्या नळीतून स्वतःची वाट काढतो.

टाकीचे दुसरे कार्य हवा वेगळी करण्याचे होय. प्रणाली प्रथम भरताना कोपऱ्यांत हवा राहते. पुढेही पाण्यात विरघळलेले वायू तापल्यावर बाहेर पडतात. हवेचा बुडबुडा सिलिंडर शीर्षात अडकला की तेथील धातूला द्रवाचा स्पर्श होत नाही, त्या ठिकाणी वाफ धरते आणि शीर्षाचा तेवढा भाग अतितप्त होतो. ॲल्युमिनियमचे उष्णतेने होणारे रेखीय प्रसरण ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट असते. त्यामुळे लोखंडी ठोकळ्यावर बसविलेले ॲल्युमिनियमचे शीर्ष अशा वेळी वाकते व मधील गॅस्केट निकामी होते. यातील सर्वांत फसवी बाब अशी की, तापमान मोजणारा संवेदक द्रवाऐवजी हवेत उघडा पडला तर तो प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवितो. एंजिन जळू लागले असताना चालकासमोरचा काटा स्वस्थ दिसतो.

तिसरे कार्य पंपासंबंधीचे आहे. केंद्रोत्सारी पंपाच्या प्रवेशमार्गावर दाब सर्वांत कमी असतो. तेथे तो फार उतरला तर द्रव त्याच जागी उकळतो, बुडबुडे धरतात व फुटतात आणि पंपाची पाती झिजून प्रवाह खंडित होतो. टाकीतील द्रवस्तंभाचा व हवेचा दाब पंपाच्या प्रवेशमार्गावर पोहोचला म्हणजे हा दोष टळतो. टाकीची खालची नळी पंपाच्या प्रवेशाजवळच का जोडावी, याचे कारण यात आहे.

दाब व टोपण : टाकीवरील टोपण हे केवळ झाकण नसून दोन झडपांची जोडी असते. मोठी झडप स्प्रिंगने दाबून धरलेली असते व ठराविक दाब ओलांडल्यावरच उघडते. तिच्या मध्यावरील लहान झडप प्रणाली थंड होऊन आत निर्वात निर्माण झाल्यास बाहेरची हवा किंवा द्रव आत घेते. ही लहान झडप अडकली तर रात्रभर थंड झालेल्या मोटारीच्या रबरी नळ्या चपट्या झालेल्या आढळतात.

दाबामुळे उकळबिंदू वर जातो. समुद्रसपाटीवर १००° से.ला उकळणारे पाणी वातावरणापेक्षा ०.५ बार अधिक दाबाखाली सु. १११° से.ला व १ बार अधिक दाबाखाली सु. १२०° से.ला उकळते (१ बार म्हणजे सु. १४.५ पौंड प्रती चौ. इंच). ग्लायकॉलच्या समभाग मिश्रणाचा उकळबिंदू साध्या दाबाखालीच सु. १०७°–१०८° से. असतो. उंचीवर वातावरणाचा दाब घटतो. सु. १,४०० मी. उंचीवरील महाबळेश्वरासारख्या ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी ९५°–९६° से.लाच उकळते. दाबाचे टोपण तुलनेने दुर्बळ असलेल्या जुन्या मोटारी व मालट्रक बोरघाट किंवा कसारा घाट चढून आल्यावर थांबवून रेडिएटरात पाणी ओतावे लागे. यामागे लांब चढाचा भार, संथ गती व अपुरा दाब ही कारणे एकत्र येत.

टोपणाचा दाब निवडताना ‘जास्त तेवढा चांगला’ हा समज चुकीचा आहे. प्रणालीतील सर्वांत दुर्बळ घटक, बहुधा उबाऱ्याचा (हीटरचा) जुना गाभा किंवा जुना रेडिएटर, जेवढा दाब सोसू शकेल त्याहून अधिक दाबाचे टोपण लावू नये. पन्नास वर्षांपूर्वीच्या एंजिनासाठी बांधलेल्या पितळी रेडिएटरला ०.५ बारचे टोपण योग्य असेल, तर अलीकडच्या ॲल्युमिनियमच्या एंजिनाला १ बार वा त्याहून अधिक दाब अपेक्षित असतो. अशा दोन पिढ्यांचे भाग एकत्र आणल्यास जुना घटक बदलणे हाच सुरक्षित मार्ग होय. टोपणाची खोली व तोटीची खोली परस्परांशी जुळणेही आवश्यक असते. आखूड टोपण खोल तोटीवर बसते, पण त्याची स्प्रिंग बैठकीवर दाबली जात नाही आणि बाहेरून सर्व ठीक दिसत असूनही प्रणालीत दाब धरत नाही.

प्रकार : प्रचलित टाक्यांचे तीन मुख्य प्रकार करता येतात.

(१) दाबयुक्त टाकी : ही प्रणालीचाच भाग असून टोपण तिच्यावरच असते. तळाची जाड नळी पंपाच्या प्रवेशाकडे जाते, तर वरच्या भागात रेडिएटर व सिलिंडर शीर्ष यांच्या उच्चतम बिंदूंपासून आलेल्या बारीक नळ्या मिळतात. या नळ्यांमधून द्रवाचा अल्प प्रवाह सतत टाकीत येतो, त्याबरोबर आलेली हवा वर राहते व निर्वात झालेला नव्हे, तर निर्वायू झालेला द्रव खालून परत जातो. रेडिएटर एंजिनापेक्षा खाली असलेल्या संच-मोटारीस हा प्रकार सर्वांत योग्य असतो.

(२) परतीची बाटली : ही दाबरहित असते. दाबाचे टोपण रेडिएटरवर किंवा स्वतंत्र तोटीवर असते. तापलेला जादा द्रव टोपणातून बारीक नळीने बाटलीत जातो व थंड झाल्यावर तेथूनच परत ओढला जातो. याकरिता टोपणाला दोन बैठका असाव्या लागतात आणि नळीचे टोक बाटलीतील द्रवात सदैव बुडालेले असावे लागते. ते उघडे पडल्यास द्रवाऐवजी हवा आत जाते. टोपण प्रणालीच्या सर्वांत उंच ठिकाणी असेल तरच ही रचना नीट चालते. एमएक्स-५ या मोटारीत ही पद्धत आहे. परंतु तिचा रेडिएटर संच-मोटारीच्या बुटक्या नाकात खाली बसविला की मूळ पद्धत जशीच्या तशी चालेल याची खात्री राहत नाही.

(३) सांडपात्र : टोपणातून सुटलेला द्रव रस्त्यावर पडू नये म्हणून ठेवलेले साधे भांडे. त्यातून द्रव परत जात नाही. शर्यतीच्या मोटारींत मार्ग निसरडा होऊ नये यासाठी ते सक्तीचे असते. याला प्रसरण टाकी समजणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक आहे.

यांखेरीज नळीच्या मार्गात बसविण्याचे एक उभे दंडगोल पात्र वापरतात. द्रव त्यात कडेने स्पर्शरेषेत शिरतो, भोवरा होतो व हलकी हवा मध्यावर जमून वर निघते. हे पात्र प्रसरण टाकीला पूरक असते. ते तिची जागा घेत नाही.

आकारमान : टाकी किती मोठी असावी हे ठरविण्यासाठी प्रथम संपूर्ण प्रणालीत किती द्रव मावतो ते मोजावे. मूळ मोटारीच्या पुस्तिकेतील आकडा येथे उपयोगी पडत नाही, कारण नळ्यांची लांबी बदललेली असते. उदा., ३२ मिमी. आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सु. ०.८ लि. द्रव मावतो. एंजिन मागे व रेडिएटर पुढे असलेल्या संच-मोटारीत जाण्यायेण्याच्या प्रत्येकी ३ मी. लांबीच्या दोन नळ्या असल्यास त्यांतच सु. ४.८ लि. द्रव वाढतो. मूळ मोटारीत ७ लि. द्रवासाठी आखलेली टाकी आता जवळजवळ १२ लि. द्रवाला पुरवावी लागते. पाच टक्के प्रसरण धरल्यास पहिल्या स्थितीत ०.३५ लि. व दुसऱ्या स्थितीत ०.६ लि. जागा लागेल.

तथापि केवळ प्रसरणाएवढी जागा पुरेशी नसते. दाबयुक्त टाकीतील हवा द्रव वाढल्यावर दाबली जाते आणि स्वतःही तापते. सात लिटरांच्या प्रणालीचे उदाहरण घेऊ. थंड स्थितीत टाकीत ०.५ लि. द्रव व त्यावर ०.८ लि. हवा आहे, म्हणजे टाकी एकूण १.३ लिटरची आहे. द्रव ०.३५ लिटरने वाढल्यावर हवेला ०.४५ लि. जागा उरते. टाकीतील हवेचे तापमान २०° से. वरून ६०° से. पर्यंत चढले असे मानल्यास वायूंच्या नियमानुसार हवेचा व वाफेचा मिळून दाब वातावरणापेक्षा सु. १.२ बारने अधिक होतो. १ बारचे टोपण येथे उघडणारच. याउलट टाकी १.७ लिटरची, म्हणजे हवेची जागा १.२ लि. असल्यास हाच दाब सु. ०.८ बार राहतो आणि टोपण मिटलेले राहते. (रबरी नळ्यांचे ताणणे या हिशेबात धरलेले नाही.) लहान टाकीत टोपण एकदोनदा उघडून थोडी हवा बाहेर गेली तर लगेच हानी होत नाही. परंतु थंड होताना तितकीच ताजी हवा आत येते, ऑक्सिजनाचा नित्य पुरवठा होऊन संक्षारण (गंजण्याची क्रिया) वाढते, आणि हवेबरोबर द्रवाचे तुषारही गेल्याने पातळी हळूहळू उतरते. यावरून प्रणालीतील द्रवाच्या पाच टक्के प्रसरणासाठी, सात ते आठ टक्के राखीव द्रवासाठी व उरलेली जागा हवेसाठी, असे मिळून एकूण द्रवाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी टाकी घेणे हितावह ठरते. सात लिटरांना दीड ते पावणेदोन लिटर व बारा लिटरांना अडीच ते तीन लिटर, असा हा हिशेब आहे.

स्थान : थंड स्थितीतील टाकीची पातळी एंजिन, रेडिएटर व उबारा या सर्वांच्या उच्चतम बिंदूंपेक्षा वर असावी, हा स्थानाचा मूलभूत नियम आहे. बॉनेटखाली एवढी उंची मिळत नसेल तर टाकी चालककक्षाच्या पुढील आडव्या भिंतीला लागून शक्य तितकी उंच बसवितात. तरीही उबाऱ्याच्या नळ्या टाकीपेक्षा उंच राहत असल्यास त्यांच्या माथ्यावर हवा सोडण्याचा स्क्रू ठेवावा लागतो. सांगाड्याच्या नळ्यांवर टाकी आधी दोरीने बांधून, बॉनेट बसवून, मग कंस जोडण्याची पद्धत चांगली. बॉनेट न बसल्याचे रंगकाम झाल्यावर ध्यानात येणे महाग पडते. निष्कासनळी जवळ असल्यास मध्ये उष्णतारोधक पत्रा घालावा आणि टोपण उघडणाऱ्याचा हात तप्त भागावर जाणार नाही, अशी तोटीची दिशा ठेवावी.

हलकी संच-मोटार वळणावर वेग राखते, म्हणून टाकीचा आकारही महत्त्वाचा असतो. आडवे त्वरण गुरुत्व त्वरणाएवढे झाले तर टाकीतील द्रवाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. वीस सेंमी. रुंदीच्या टाकीत अशा वेळी एका बाजूची पातळी १० सेंमी. खाली जाते. तळाचे छिद्र त्याच बाजूला असेल तर पंप हवा ओढतो. यासाठी उंच व अरुंद टाकी, मध्यावरील तळछिद्र आणि आत आडपडदे ही रचना पसरट टाकीपेक्षा चांगली ठरते.

नळ्या : तळाची नळी १६ ते १९ मिमी. आतील व्यासाची असावी व तिला सलग चढ असावा, म्हणजे मधे कोठेही हवा अडकणार नाही. हवा वाहून नेणाऱ्या वरच्या नळ्या ६ ते ८ मिमी. व्यासाच्या पुरतात आणि त्यांत २ ते ३ मिमी. छिद्राचा अवरोधक बसवितात. अवरोधक नसल्यास बराच शीतक रेडिएटर टाळून टाकीतून फिरू लागतो, एंजिन गरम होण्यास विलंब लागतो व भर उन्हात शीतन अपुरे पडते. वरच्या दोन नळ्या एकमेकींना टी जोडाने मिळवून एकच तोंड टाकीत नेण्यापेक्षा त्या स्वतंत्रपणे आणणे चांगले, कारण दाबातील फरकामुळे एकीतील द्रव दुसरीत शिरू शकतो.

द्रव्य : कारखान्यातील टाक्या बहुधा अर्धपारदर्शक पॉलिप्रोपिलीनच्या असतात. त्यांत पातळी बाहेरून दिसते, त्या हलक्या व स्वस्त असतात. उष्णता व काळ यांमुळे हे प्लॅस्टिक पिवळे व ठिसूळ होते आणि ते शिवणीवर तडकते. म्हणून मोडीतून आणलेली टाकी वरून धुतली तरी तिच्या वयाचा विचार करावा व शक्यतो नवी घ्यावी. वितळजोड केलेल्या ॲल्युमिनियमच्या टाक्या दिसायला आकर्षक असतात व हव्या त्या मापाच्या करून घेता येतात. पण त्यांत पातळी दिसत नाही. त्यांना बाजूची काचनळी किंवा पातळी-संवेदक जोडावा लागतो. त्यांचे सांधे वापरण्यापूर्वी टोपणाच्या दीडपट दाबाने पाण्याखाली तपासून घ्यावेत. ही तपासणी हवेऐवजी पाण्याच्या दाबाने करणे सुरक्षित असते, कारण दाबलेली हवा टाकी फोडून बाहेर पडते. दाबरहित बाटली दाबयुक्त टाकी म्हणून वापरणे, किंवा घरगुती डबा टाकी म्हणून बसविणे धोक्याचे आहे.

शीतकात ॲल्युमिनियम, तांबे व लोखंड यांचे एकत्र संपर्कात येणे विद्युत् रासायनिक संक्षारणाला आमंत्रण देते. संक्षारणरोधक असलेले तयार मिश्रण निर्मात्याच्या सूचनेनुसार वापरावे व ते मुदतीत बदलावे. भारतासारख्या उष्ण देशातही केवळ नळाचे पाणी वापरणे योग्य नाही. गोठण्याचे भय बहुतेक भागांत नसले तरी क्षार साचणे व गंजणे टाळण्यासाठी मिश्रणाची गरज असते. ग्लायकॉलच्या समभाग मिश्रणाची विशिष्ट उष्णता मात्र पाण्यापेक्षा सु. १५ टक्के कमी असते. म्हणून उष्ण प्रदेशात प्रमाण गरजेपेक्षा वाढविण्याने लाभ होत नाही.

भरणे व तपासणी : मोटारीचे पुढचे टोक उंच करून, उबाऱ्याची झडप उघडी ठेवून व हवा सोडण्याचे स्क्रू सैल करून टाकीवाटे हळूहळू शीतक भरतात. स्क्रूतून अखंड धार आली की तो कसतात. नंतर एंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत (बहुधा ८२°–९२° से.) पातळी पाहत राहतात. रेडिएटरची खालची नळी गरम झाली म्हणजे अभिसरण सुरू झाले असे समजते. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासून खूण करतात. पहिल्या काही प्रवासांत पातळी थोडी उतरणे स्वाभाविक असते. त्यानंतरही ती उतरत राहिली तर गळती शोधावी. टाकीत सतत बुडबुडे येत असल्यास ज्वलनवायू गॅस्केटमधून शीतकात शिरत आहेत असे मानावे. द्रवावर साईसारखा तवंग दिसल्यास तेल मिसळल्याची शक्यता असते. टाकी मोठी करून यांपैकी कोणताही दोष दूर होत नाही.

धोके : तप्त प्रणालीचे टोपण काढणे हा या विषयातील सर्वांत गंभीर अपघात होय. दाबाखाली ११५° से. तापमान असलेल्या पाण्यावरील दाब एकाएकी गेला तर त्याचा सु. तीन टक्के भाग तत्काळ वाफ होतो. हे प्रमाण अल्प भासते, पण एक लिटर पाण्यामागे होणारी ही वाफ ४० लिटरांहून अधिक जागा व्यापते आणि उरलेले उकळते पाणी आपल्यासमवेत चेहऱ्याच्या दिशेने फेकते. वरची नळी हाताला सोसेल इतकी थंड होईपर्यंत टोपणाला हात लावू नये व नंतरही जाड कापडाने ते सावकाश फिरवावे. एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोडसर असते. सांडलेला शीतक लहान मुले व पाळीव जनावरे यांच्यासाठी घातक असल्याने सांडनळीखाली पात्र ठेवणे हे सुघड कामाबरोबरच सुरक्षिततेचेही लक्षण आहे.

नियम : ब्रिटनमध्ये घरी जुळविलेल्या मोटारीस रस्त्यावर आणण्यापूर्वी एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता घ्यावी लागते. ही पद्धत १९९८ मध्ये सुरू झाली व २००९ मध्ये तिचे स्वरूप बदलले. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात सामान्यतः करता येत नाही आणि संच-मोटारीचा छंद येथे फारसा रुजलेला नाही. तथापि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्पर्धांसाठी स्वतः मोटारी बांधतात, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयेही त्यांत भाग घेतात. ‘फॉर्म्युला एसएई’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-स्पर्धेच्या नियमांनुसार द्रवशीतित एंजिनात केवळ साधे पाणी वापरावे लागते आणि सांडपात्राचे आकारमान त्या द्रवाच्या एकूण घनफळाच्या किमान १० टक्के किंवा ०.९ लि., यांपैकी जे अधिक असेल ते ठेवावे लागते. ग्लायकॉल मार्गावर सांडल्यास पृष्ठभाग निसरडा होतो, म्हणून त्याला मनाई आहे. अशा मोटारीत शुद्ध पाण्याचा कमी उकळबिंदू व गंजण्याची प्रवृत्ती लक्षात घेऊन टोपणाचा दाब व देखभाल ठरवावी लागते.

सारांश, टाकीची निवड पुढील क्रमाने करावी : प्रणालीतील द्रव मोजणे, सर्वांत दुर्बळ घटकानुसार दाब ठरविणे, उच्चतम बिंदू शोधून त्याहून वरची जागा निश्चित करणे, त्या जागेत मावेल असा आकार व द्रव्य निवडणे, आणि शेवटी नळ्यांची आखणी करणे. पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. आवडलेली टाकी प्रथम विकत घेतली जाते व मग तिच्यासाठी जागा शोधली जाते. संच-मोटारींच्या शीतन प्रणालीतील बऱ्याच तक्रारींचे मूळ या उलट्या क्रमात आढळते.